मे महिन्याचं बारसं

मे महिन्यात आम्ही पाण्यात उतरत नाही. आम्ही म्हणजे तलावाच्या महिला बॅचमधल्या बारा जुन्या बायका, सकाळी साडेदहा ते साडेअकरावाल्या. बाकीचे अकरा महिने थंडी असो, घरात पाहुणे असोत, सुनेचं डोहाळजेवण असो, आम्ही हजर. पण मे महिन्यात अख्खं पुणं पोहायला शिकतं. पाणी कोमट होतं, त्यावर खोबरेल तेलाचा तवंग येतो, आणि खोल भागाकडे निघावं तर वाटेत कुणीतरी कुणाच्या तरी कमरेला मिठी मारून किंचाळत असतं. त्या पाण्यात उतरणं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरून रिक्षा न्यायचा हट्ट धरणं. म्हणून त्या महिन्याचा पास आम्ही काढतच नाही. तलावाच्या कडेला पालकांना बसायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथे छत्र्या आणि थर्मास घेऊन बसतो आणि बारसं करतो.

बारसं म्हणजे नव्या आलेल्या प्रत्येकीला एक नाव द्यायचं. तिचं खरं नाव काय, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. नाव सामानावरून पडतं. दंडात दोन फुगे आणि कमरेला एकावर एक दोन ट्यूब घालून आली ती डबल डेकर. गॉगलवरची किमतीची चिठ्ठी न काढताच पाण्यात गेली ती एमआरपी. कानात बोळे, नाकाला चिमटा, डोक्याला रबरी टोपी आणि त्यावर पुन्हा आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी, ती हेल्मेट. एकीने कॉश्च्युमच्या आत पेटीकोट घातला होता. तो पाण्यात फुगून वर आला आणि तिचं नाव पडलं छत्री. पंधरा जूनपर्यंत यातली एकही टिकत नाही, आणि कोण कुठल्या तारखेला गळणार याच्या पैजा आम्ही चहाच्या कपावर लावतो.

नावं बहुतेक मीच द्यायचे. मी मुक्ताई, वय चौसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम शनिवार पेठ, तिसरा मजला. लग्न झालं नाही. पाय हे एक कारण आणि जीभ हे दुसरं. पायाचं लोक बोलून दाखवत आणि जिभेचं मनात ठेवत.

डावा पाय पोलिओचा आहे. चौथ्या वर्षी ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला. मनगटाएवढी पोटरी आणि हातात काठी, अशी मी साठ वर्षं चालते आहे. बँकेत, लग्नात, भाजीवाल्यापाशी, लोक आधी माझी चाल बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. पाण्यात तसं नाही. आमच्या तलावाला उथळ बाजूला पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत आणि कठडा आहे. शेवटच्या पायरीवर बसून मी अंग पुढे लोटलं की पाय नावाची भानगड संपते. सोजरबाई, म्हणजे आमच्या बॅचची मदतनीस, मांजरी गावाहून येते, ती माझी काठी धरून काठावर उभी राहते आणि मी खोल भागाच्या टोकाला हात लावून परत येते. असं वीसदा. नम्रता माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दुपारच्या शाळेत खेळाची शिक्षिका, तिलाही मी मागे टाकते. त्या तासात मी अख्खी असते. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

दोन वर्षांपूर्वी उजवा पायही दगा देऊ लागला. पोलिओचं असंच असतं म्हणे, उतारवयात उरलेसुरले स्नायूही ढिले पडतात. डॉक्टर स्पष्ट बोलणारे आहेत. म्हणाले, "तुमचं पोहणं चालू आहे तोवर तुम्ही चालाल. ते थांबलं की आधी वॉकर, मग खुर्ची." माझ्या घराला बावन्न पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. खुर्ची म्हणजे वारजे. तिथे माझा भाचा अभिनव राहतो, गुणी मुलगा आहे, त्याने माझ्यासाठी खोली तयारच ठेवली आहे. "मावशी, खाली गार्डन आहे, दिवसभर बघायला बाई ठेवू," असं तो दर दिवाळीत म्हणतो. त्या खोलीत मी एकदा दुपारभर बसले होते. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. तिथे जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं मला वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

दुसऱ्या तलावांना पोलादी शिडी असते, सरळ उभी. ती मला चढता येत नाही. म्हणजे आमचा तलाव, आमची बॅच, त्या पायऱ्या आणि सोजरबाई, एवढ्यावर मी उभी होते. आणि तरी मे महिनाभर मी पाण्याबाहेर बसायचे. पाय आखडायचा, रात्री गोळे यायचे, पण नवशिक्यांच्या गर्दीत उतरायचं म्हणजे कमीपणा. खरं सांगायचं तर कडेच्या त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर मला मजा यायची. वर्षभर लोक मला धडपडताना बघतात. मे महिन्यात दुसऱ्या बायका धडपडायच्या आणि मी बसून बघायचे.

या वर्षी एक मेपासून तलाव नव्या संस्थेने चालवायला घेतला. नवीन मॅनेजर आला, प्रज्ञेश नावाचा, गळ्यात ओळखपत्र आणि कानात सतत काहीतरी. त्याने फाटकापाशी मोठा फलक लावला. आम्ही वाचला नाही. फलक नवशिक्यांसाठी असतात. 'पाण्यात थुंकू नये' हे मी एकदा वाचलं होतं, ते आयुष्यभर पुरलं.

या वर्षी बायका चिक्कार आल्या. पहिल्या दिवशी चव्वेचाळीस. आम्हाला सुगीच होती. आमच्यातली अमिनाबी एकाहत्तर वर्षांची, सलवार-कुडत्यात पोहते आणि पाण्यात असताना भजनापासून गझलेपर्यंत काहीही गुणगुणते, तिलाही हसून हसून ठसका लागायचा.

त्या चव्वेचाळीसमधली एक चांगली धिप्पाड होती. पस्तिशीची असेल. निळा कोरा करकरीत कॉश्च्युम, त्यावर लाल तरंगती जाकीट, हातात फळी, गळ्यात शिट्टीसुद्धा. पायरीवर उभी राहून पाण्याकडे बघत होती, जावं की नको. मी वरून ओरडले, "बादल्या धरा गं, पाणी सांडणार! टँकर उतरतोय!" अख्खा तलाव हसला. तीही हसली. तोंडावर हात ठेवून, मान खाली घालून, पण हसली. मी धरून चालले की हसली म्हणजे लागलं नाही. नऊ दिवस आली आणि मग यायची बंद झाली. मी बाराची पैज लावली होती.

दुसरी एक होती, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या लवचिक कापडात, डोक्यालाही त्याच कापडाची घट्ट टोपी. ते घरी शिवलेलं होतं, हे शिलाईवरून कळत होतं. तिला मी रेनकोट म्हटलं. ही मात्र चिवट निघाली. रोज यायची, कठडा धरून अर्धा तास पाय मारायची. मेच्या मध्यावर एकदा ती ओलीचिंब पायऱ्या चढून आमच्यापर्यंत आली.

"काकू, तुम्ही सगळ्या जणी पाण्यात येत नाही का? तो फाटकावरचा बोर्ड..."

"बाळ, बोर्ड वाचून पोहता येत नाही," मी म्हटलं. "पाण्यात उतरावं लागतं. आणि त्याआधी रेनकोट काढावा लागतो."

बाराही जणी खिदळल्या. ती "बरं" म्हणून खाली गेली.

जूनचा पहिला आठवडा तलाव साफसफाईसाठी बंद असतो. आठ तारखेला मी पिशवी घेऊन निघाले. महिनाभर पाण्याविना उजवा गुडघा भरून आला होता, बावन्न पायऱ्या उतरायला मला दहा मिनिटं लागली. पण आज पाणी, या एका विचारावर मी उतरले. फाटकाशी आमच्यातल्या बाकीच्या जमल्या होत्या आणि सोजरबाई उभी होती. तिच्या हातात झाडू होता आणि ती आमच्याकडे न बघता बोलत होती.

"ताई, आपली बॅच गेली की."

"गेली म्हणजे?"

"म्हंजे बंद हाय. साडेधाला आता पोरांची अकाडमी. त्यो बोर्ड न्हाई का वाचला तुमी? म्हैनाभर व्हता की हितं."

फलक अजून तिथेच होता. मी उन्हात उभी राहून पहिल्यांदा वाचला. मेच्या अखेरच्या आठवड्यात महिला बॅचमध्ये रोज किमान तीस महिला पाण्यात उतरल्या तरच बॅच वर्षभर चालू राहील, अन्यथा ती वेळ बाल प्रशिक्षणासाठी देण्यात येईल. खालच्या बाजूला, तसं झाल्यास उथळ भाग दिवसभर मुलांसाठी राखीव, सर्वसाधारण बॅचला फक्त खोल भाग, असंही होतं. खोल भागाला शिडी आहे.

"किती होत्या शेवटच्या आठवड्यात?" मी विचारलं.

"एकोणीस," सोजरबाई म्हणाली. "मीच मोजायची दारात. पायऱ्यांवरच्या धरायच्या न्हाईत म्हनले साहेब. पान्यातल्याच धरायच्या."

एकोणीस पाण्यात आणि बारा पायऱ्यांवर. एकतीस. आम्ही पास काढून नुसत्या खाली उतरलो असतो तरी भागलं असतं. आणि चव्वेचाळीसच्या एकोणीस का झाल्या, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पंचवीस जणींच्या गळण्याच्या तारखा माझ्या तोंडपाठ होत्या, पैजेपोटी.

नम्रता वर ऑफिसात जाऊन भांडून आली. मी खालीच थांबले, तिथे अठरा पायऱ्या आहेत. ती आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "एक चान्स देतोय. वीस तारखेपर्यंत तीस जणींचा अर्ज. वर्षभर येऊ अशी हमी, प्रत्येकीचं नाव, फोन, सही. नसल्यास विषय संपला."

आम्ही बारा. हव्या होत्या आणखी अठरा. त्या दुपारी अमिनाबीच्या घरी आम्ही पाचसहा जणी जमलो. अर्ज लिहायचं काम साहजिकच माझं. टेलिफोन खात्यात माझ्या अर्जांना वजन होतं. मी कोरा कागद घेतला, रेघा मारल्या, आमची बारा नावं घातली आणि तेराव्या ओळीवर थांबले.

"सांगा," मी म्हटलं.

"ती डबल डेकर घाल ना," नम्रता म्हणाली. "ती शेवटपर्यंत येत होती."

"नाव काय तिचं?"

नम्रताने अमिनाबीकडे बघितलं, अमिनाबीने माझ्याकडे.

"एमआरपी कुठे राहते? छत्री? हेल्मेट?"

महिनाभर आम्ही त्या बायकांना रोज पाहिलं होतं. कुणाच्या पाठीवर तीळ आहे, कुणाला पाणी नाकात गेलं की उचकी लागते, हे आम्हाला ठाऊक होतं. पण चव्वेचाळीसपैकी एकीचंही नाव आमच्यातल्या कुणाला सांगता येईना.  मला पहिल्यांदा भीती वाटली.

शेवटी अमिनाबीला एकीचं आठवलं. म्हणाली, "ती तुझी रेनकोट आहे ना, मुक्ता, ती मोमिनपुऱ्यात शिवणकाम करते. आमच्या ओळखीच्या नासिरची सून. शाइस्ता नाव तिचं. तिला विचार. मी येऊ का बरोबर?"

"नको," मी म्हटलं. "माझं मी बघते."

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन शिलाई मशिनं, भिंतीला टांगलेले ब्लाउज, फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग. शाइस्ताने मला लगेच ओळखलं. उठून स्टूल दिलं, पाणी दिलं. तिशीची पोरगी, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. मी काय हवं ते सांगितलं. तिने टाचण्या काढल्या.

"तेच सांगायला आले होते मी तुम्हाला त्या दिवशी. तो बोर्डच सांगत होते."

"हो."

"तुम्ही पाण्यात उतरता?" तिने माझ्या काठीकडे बघत विचारलं. टोमणा नव्हता त्यात. "आम्हाला वाटायचं, तुम्ही कुणाला तरी सोबत म्हणून येता."

"तीस वर्षं पोहते मी," मी म्हटलं. माझा आवाज मला हवा त्यापेक्षा मोठा आला.

तिने हातातली शिवण बाजूला सारली. मग फोन काढला. "आमचा ग्रुप आहे. अडतीस जणी आहेत अजून. सगळ्यांनाच शिकायचं होतं, काकू. मला तर नीट श्वासच घेता येत नाही अजून." तिने टाईप केलं आणि मला वाचून दाखवलं. लेडीज बॅच परत सुरू होऊ शकते, तीस जणी हव्यात, कोण कोण येणार?

पटापट उत्तरं येऊ लागली. अंगठे, टाळ्या, "मी", "मी पण", "येस्स". शाइस्ता बोटांवर मोजत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. माझाही उजळला असणार. आठ झाल्या, नऊ झाल्या. मग तिचं मोजणं थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"वाच."

"राहू दे ना, काकू."

मी हात पुढे केला. तिने फोन दिला. चष्मा लावून मी वाचलं. उत्कर्षा नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'पायऱ्यांवरचा तो ग्रुप असणार का? मग सॉरी, मी नाही.' त्याखाली दुसरी, 'ग्रुप नाही गं, बाकीच्या ओके आहेत. ती काठीवाली.' त्याखाली, 'काठीवाली असेल तर मी पण नाही.' मग नुसतं 'सेम'. मग आणखी एक 'सेम'. आधी हो म्हणालेल्या दोघींनी आपला अंगठा काढून घेतला.

दुकानात उकडत होतं. मी फोन परत दिला.

"तुम्ही माफी मागितली तर ऐकतील," शाइस्ता म्हणाली. "वाईट नाहीत त्या. व्हॉइस मेसेज करा ना. मी बटण दाबून धरते, तुम्ही फक्त बोला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पाऊण तास तिथे बसले होते आणि तिचीसुद्धा माफी मागितली नव्हती. तिने बटण दाबलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. मला खरंच मागायची होती. माझी शपथ, मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. पण तोंड उघडलं आणि गेली साठ वर्षं जे बाहेर येतं तेच बाहेर आलं.

"नमस्कार, मी काठीवाली बोलतेय. पायऱ्यांवरून बदली होऊन आता कोर्टात हजर झालेय. तुम्हा सगळ्यांना मी जे काही बोलले ते... म्हणजे आमची गंमत असते, दर वर्षीची. मनाला लावून घेऊ नका. आणि ती जी आहे ना, ती... ती टँकर, तिला सांगा की..."

शाइस्ताचं बोट सुटलं. मेसेज गेला.

"काकू," ती म्हणाली, "तिचं नाव उत्कर्षा आहे."

"मला कुठे माहीत होतं? पूस ते. पुसता येतं ना?"

तिने पुसलं. पण तोवर अकरा जणींनी ऐकलं होतं.  मग उत्कर्षाचं आलं. शाइस्ताने न मागता वाचून दाखवलं, बहुधा आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून. 'ऐकलंत ना. हे ऐकत नऊ दिवस काढले, मग कॉश्च्युम कपाटात ठेवला, बाहेर काढला की रडू येतं. काठीवाली नसेल तर मी पहिली येईन.'

मी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला नाही. बोलले असते तर आणखी काय निघालं असतं कोण जाणे. मशिनच्या पट्ट्यावर हात ठेवून शाइस्ता बसली होती. तिला वाईट वाटत होतं आणि ते माझ्यासाठी वाटत होतं, याचा मला राग आला.

"तुमच्याशिवाय किती होतात, बघू?" तिने अगदी हळू विचारलं.

"बघ."

बावीस झाल्या. तिने मापं लिहायच्या वहीतलं पान फाडून एकेक नाव आणि फोन लिहून दिला. अक्षर चांगलं होतं. "सह्या मी गोळा करते," म्हणाली. "दोन दिवसांत तुमच्या घरी आणून देते."

"तीन मजले आहेत."

"चढेन की."

मी निघाले तेव्हा ती रिक्षापर्यंत आली. "शाइस्ता," मी म्हटलं, आणि काठी या हातातून त्या हातात घेतली. ती म्हणाली, "सांभाळून जा, काकू."

सह्यांचा कागद तिने सांगितल्याप्रमाणे आणून दिला. बावीस त्या आणि नम्रताने आधीच जमवून दिलेल्या अकरा आमच्यातल्या, तेहेतीस. माझी सही सोडून. कागद मी टेबलाच्या खणात टाकला आणि तीन दिवस तो खण उघडला नाही. माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला तो अर्ज फाडायचा होता. तीस वर्षं मी त्या तलावात हात मारले, आणि काल आलेल्या, नाकाला चिमटे लावणाऱ्या बायका मला बाहेर ठेवून तिथे डुंबणार? बुडू दे बॅच. मला नाही तर कुणालाच नको. रात्री पायाला गोळे आले की हेच घोकत पडायचे, आणि सकाळी जिन्याकडे बघून पुन्हा तेच. एके दिवशी दूध आणायला उतरायला निघाले, तर दुसऱ्या मजल्यावरून परत फिरावं लागलं. गुडघ्याने ऐकलंच नाही. पायरीवर बसून मी रडले. शेजारचे वर जात होते, मी काठीचं रबर तपासत असल्याचं सोंग केलं.

नम्रता रोज फोन करायची. "झाल्या का तीस?"

"झाल्या."

"मुक्ताई, तुम्ही ग्रेट आहात!"

अमिनाबी एकोणीस तारखेला तीन मजले चढून आली, धापा टाकत, डब्यात शिरखुर्मा घेऊन. "मला माहीत होतं, तुझा अर्ज कोण परत पाठवणार," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना पाणी हवंय गं मुक्ता, आता सोसवत नाही. तुझं नाव सगळ्यात वर घाल हां. तुझ्यामुळे झालं सगळं."

"घालते," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी अर्ज साफ अक्षरात उतरवून काढला आणि सह्यांचे कागद त्याला जोडले. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं त्यात. अर्ज दिला नसता तर का दिला नाही, हे अमिनाबीने विचारलं असतं, आणि मला त्या व्हॉइस मेसेजचे तेरा-चौदा सेकंद तिला सांगावे लागले असते. तेवढी माझ्यात ताकद नव्हती. तिला सांगेन, डॉक्टरांनी पाणी बंद केलं. पायाच्या नावावर काहीही खपतं. तेहेतीस नावं मी लिहिली, एकेक, आडनावासकट. डबल डेकर, एमआरपी, छत्री, हेल्मेट यांतली कुठली कोण, ते मला अजूनही कळलं नव्हतं. उत्कर्षाचं नाव मात्र मी सगळ्यांत वर घातलं.

वीस तारखेला सकाळी अभिनवला फोन करून गाडी घेऊन बोलावलं. "मावशी, तलावाला? बरं वाटतंय ना?" असं त्याने दोनदा विचारलं. तलावाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. उथळ पाण्यात पोरं ओळीने कठडा धरून पाय मारत होती. सोजरबाई कुठे दिसली नाही, ते बरंच झालं. अभिनवला खाली थांबवून ऑफिसच्या अठरा पायऱ्या मी चढले. बाराव्या पायरीवर थांबावं लागलं.

प्रज्ञेशने कानातलं काढून मला खुर्ची पुढे केली. अर्ज घेतला, पेन नावांवरून खाली आणत मोजला. "तेहेतीस. अरे वा. फोन आहेत, सह्या आहेत. आजी, इतका व्यवस्थित अर्ज मी या नोकरीत पाहिला नाही." तो मनापासून बोलत होता. "एक जुलैपासून चालू करू साडेदहाची बॅच. प्रॉमिस."

"पावती द्या," मी म्हटलं.

त्याने शिक्का उचलला आणि थांबला. "अर्ज तुम्ही आणलात, पण यात तुमचं नाव कुठलं?"

खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता. पोरांना सर शिट्टी वाजवून सांगत होते, कठडा सोडा, सोडा, काही होत नाही.

"माझं नाही," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

त्याने माझ्या पायाकडे बघितलं, मग काठीकडे. "हो, हो, बरोबर आहे," तो घाईघाईने म्हणाला, आणि शिक्का मारला.